छत्रीची चाल

रविवार, २६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन झालं आणि मग सोसायटीच्या आवारात मुलांचा कार्यक्रम. आमच्या लेकीनं, तनुजानं, तिच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणींबरोबर गिटारवर ‘जांभळी छत्री’ म्हटलं. मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काहीतरी कारण काढून मी घरीच थांबलो असतो.

गाणं सुरू झालं आणि खुर्च्यांवरची माणसं हलायला लागली. काठी घेऊन आलेल्या बायका, तिसरीतली पोरं, गेटवरचा वॉचमन. शब्द सगळ्यांना पाठ. ‘जांभळ्या छत्रीखाली जागा आहे का गं थोडी.’ मी कॉलेजात असताना, पंचाण्णव साली हे गाणं आलं, तेव्हा पानटपरीवर दुसरं काही वाजतच नव्हतं. पुढे ते लग्नाच्या बँडवर आलं. मग कुणी ढोल घालून नाचाचं केलं. गेल्या वर्षी एका मुलीनं अगदी सावकाश, पाळणा म्हणावा तसं म्हटलेलं सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. हे गाणं जुनं होत नाही. चार-पाच वर्षांनी नवे कपडे घालून दारात उभं राहतं.

पण ती चाल आमची आहे. आमच्या चिंचदऱ्याच्या हिंदुरावबुवांची. मी सहावी-सातवीत असताना बुवांच्या मागे बसून देवळात म्हणायचो, ‘सावळ्या पायांपाशी जागा आहे का रे थोडी.’ बुवा पेटी वाजवत, सोनबातात्या पखवाज. बुवा सांगायचे, ही चाल मला पहाटे ओढ्यावर सापडली. त्या ओळीत ‘जागा’वर सूर वर जातो आणि तिथंच थांबतो, उत्तराची वाट बघत. तेवढ्या थांबण्यात माझं लहानपणीचं सगळं देवपण आहे. शहरातल्या कुणीतरी बुवांचं भजन ऐकलं, पाय काढून टाकले आणि तिथं छत्री ठेवली. पंचाण्णव सालीच मला हे कळलं होतं. गप्प बसलो, कारण खेड्यातून आलेल्या पोराचं ऐकतो कोण.

आज लाज याची वाटली की रागात बसलो असताना माझा पाय ठेका धरत होता. शेजारी बसलेल्या बायकोनं, रुपालीनं, बघितलं आणि हसली.

बुधवार, २९ जानेवारी

जेवताना तनुजानं फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. शौनक नावाचा मुलगा आहे, जुन्या कॅसेटमधल्या मराठी गाण्यांवर व्हिडिओ करतो. त्यानं ‘जांभळी छत्री’चा संगीतकार शोधून काढला आहे. रतन सरवदे, विश्रांतवाडी. सत्तरीचे आहेत, कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले. साधा शर्ट, समोर छोटा कीबोर्ड. म्हणाले, “चाल माझी. सत्त्याऐंशीला केली. नाव कुठं छापलं नाही.”

एवढं ऐकलं आणि मी फोन खाली ठेवला. सत्त्याऐंशी. गाणं आलं पंचाण्णवला, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. माणूस साल मागं ढकलतो तेव्हा त्यामागे काहीतरी असतं. आमच्या कार्यालयात तारखा मागे टाकलेले अर्ज मी आयुष्यभर बघत आलोय.

“बाबा, पुढचं तर बघा,” तनुजा म्हणाली. “मोठी कंपनी नवीन व्हर्शन काढतीये, त्यात फर्स्ट टाइम त्यांचं नाव येणारे. तेवीस फेब्रुवारीला सत्कार पण आहे. हाऊ स्वीट ना?”

मी व्हिडिओखाली लिहायला बसलो. ती म्हणाली, “नका ना लिहू, प्लीज. तुम्हाला सगळं माहीत नाहीये.”

मी लिहिलं: ही चाल चिंचदरे येथील कैलासवासी हिंदुरावबुवांच्या भजनाची आहे. आम्ही ती लहानपणापासून देवळात गात आहोत. याला आमच्याकडे चोरी म्हणतात.

शेवटचं वाक्य दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं.

गुरुवार, ३० जानेवारी

आमचं भजनी मंडळ दर गुरुवारी सोसायटीच्या दत्तमंदिरात बसतं. पेटी माझ्याकडे असते. आज जाताच श्यामसुंदर केळकर म्हणाले, “या, जगदाळे. तुम्ही तर आंदोलन उभं केलंत.” केळकर मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त. माझं लिहिलेलं त्यांनी चार गटांत पाठवलं होतं. त्यांनीच मी म्हणताना ‘सावळ्या पायांपाशी’चा फोनवर व्हिडिओ घेतला आणि शेजारी छत्रीचं गाणं जोडून, दोन्ही एकापाठोपाठ ऐकू येतील असं करून पसरवलं.

“सोडू नका,” ते म्हणाले. “या लोकांना हल्ली सगळंच आपलं म्हणायचं असतं.”

कोणत्या लोकांना, ते मी विचारलं नाही. फिल्मी लोकांना म्हणत असावेत.

आज माझा आवाज चांगला लागला. भजन संपल्यावर तीन-चार जणांनी हात हातात घेतले. बुवा असते तर, असं वाटून डोळे भरून आले.

रविवार, २ फेब्रुवारी

दिवसभर फोन वाजतोय. आमच्याबद्दल चांगलंच लिहितात लोक. “संस्कृती वाचवलीत.” “अशी माणसं आहेत म्हणून.” त्यांच्याबद्दलचं मात्र वाचवत नाही. एकानं लिहिलंय, “सरवदे म्हणजे कळलंच.” त्याखाली हसणारे चेहरे. दुसऱ्यानं लिहिलंय की आरक्षण गाण्यात पण पाहिजे का. मी चालीबद्दल बोललो होतो. हे कुठून आलं? खाली उत्तर लिहायला घेतलं होतं, मग वाटलं, आपण एकेकाला कुठं पुरे पडणार. ठेवून दिलं.

दुपारी शौनकचा फोन. आवाजावरून तनुजापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल.

“सर, मी भांडायला फोन नाही केलाय. तुमच्या बुवांनी चाल कधी बांधली, याचं काही सांगू शकाल का? रतनकाका काहीच बोलत नाहीयेत. कंपनी मला विचारतीये.”

मी म्हणालो, “बुवांचे पखवाजवादक हयात आहेत. गावी जाऊन त्यांचं बोलणं टिपून आणतो.”

“थँक यू, सर. खरं असेल तर मीच तुमच्या बुवांचं नाव लावीन.”

मुलगा सरळ आहे. मला त्याच्याशी आणखी नीट बोलायला हवं होतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी, चिंचदरे

हे देवळाच्या ओट्यावर बसून लिहितोय. लिहिलं नाही तर उद्या मी हे वेगळंच आठवीन.

सकाळच्या एसटीनं आलो. सोनबातात्या दारात खाटेवर होते. दिसतं कमी, पण आवाजावरून ओळखलं. “महिपत का? ये. पुन्याची मान्सं आता इकडं येत्यात व्हय?”

पाणी झालं, चहा झाला. मी फोन समोर उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि नीट, मोठ्यानं विचारलं, “तात्या, ‘सावळ्या पायांपाशी’ची चाल बुवांनी कधी बांधली?”

“ती व्हय. ती छत्रीची चाल.”

“छत्रीची?”

“आरं, ते गानं नव्हतं का, जांभळ्या छत्रीचं. त्याची. बुवा लई येडं झालं हुतं त्या गान्यापायी.”

मला वाटलं, वय झालंय, उलटसुलट होतंय. म्हणालो, “तात्या, गाणं नंतर आलं. पंचाण्णवला. भजन आधीचं.”

“साल-बिल मला न्हाई ठावं. माझी थोरली पोटात हुती तवा वस्तीत लगीन निघालं. दोन दिस कर्णा वाजत हुता. तेच गानं, परत-परत तेच. बाई म्हनत हुती, लई ग्वाड आवाज. बुवा वढ्याच्या अल्याड धोंड्यावर बसून ऐकायचं. पल्याड जायची सोय न्हवती ना, मान्सं काय म्हनतील. मग पेटीवर बसवली. पायाचे शबुद मागनं घातलं.”

तात्यांची थोरली अठ्ठ्याऐंशी सालची. तिच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या आहेत.

“पण बुवा म्हणायचे, चाल पहाटे ओढ्यावर सापडली.”

“मग खोटं कुटं बोललं? वढ्यावरच सापडली की.” तात्या हसायला लागले. दात नाहीत, लहान मुलासारखे हसतात.

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“सांगून? वस्तीवरची चाल म्हनलं आसतं तर या देवळात कुनी टाळ उचलला आसता का? तुझा बाच पयला उठला आसता. आम्हा चौघांला ठावं हुतं. आमी आपसांत म्हनायचो, घ्या आता छत्री. तू बारकं हुतास.”

मी हात पुढे केला आणि रेकॉर्डिंग बंद केलं. तात्यांना दिसलं नाही. ते पुढे बोलतच होते. बुवांनी नंतर तालुक्याला जाऊन ती कॅसेट विकत आणली, धान्याच्या कणगीत लपवली, आणि घरात कुणी नसताना ऐकायचे. मी हो-हो म्हणत होतो आणि फोन खिशात होता.

रविवार, ९ फेब्रुवारी

घरी आलो. रुपालीनं विचारलं, “मिळालं का?”

म्हणालो, “तात्यांना काही आठवत नाही.”

लग्नापासून मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो असं मला वाटत होतं. आज ते इतकं सहज आलं की शंका आली, आधीही आलं असेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शौनकचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पूजेला बसलो, मन लागलं नाही. मनात म्हणालो, रुपाली सोडली तर मी खोटं असं कुणापुढे बोललो नाही, फक्त गप्प आहे. मग वाटलं, देवाला असलं कारकुनी उत्तर कशाला द्यायचं.

संध्याकाळी मंडळात केळकरांनी ‘सावळ्या पायांपाशी’च म्हणायला लावलं. हल्ली बाहेरची माणसंही येतात ऐकायला. पहिली ओळ म्हटली आणि मला तिच्या खालून दुसरी ओळ ऐकू आली. कर्ण्यातून येते तशी, किंचित फाटलेली. इतकी वर्षं ती तिथंच होती. मी डोळे मिटून म्हणत राहिलो आणि लोकांना वाटलं, आज जगदाळे रंगलेत.

घरी येऊन शौनकला फोन केला, सांगायचंच ठरवून. तोच आधी बोलला. “सर, सत्कार रद्द केलाय. सभागृहवाले म्हणाले, वाद नको. आणि कंपनीनं ठरवलंय की दोघांचंही नाव नको, पारंपरिक लिहून टाकू. ते सोपं जातं त्यांना.”

“पारंपरिक?”

“म्हणजे कुणाचीच नाही, सर. रॉयल्टी पण नाही, कटकट पण नाही.”

आता सांगून काय उपयोग, असं वाटलं. वाटलं म्हणजे, मी ते वाटू दिलं. “बरं,” म्हणालो आणि फोन ठेवला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज नवीन ‘जांभळी छत्री’ आलं. तनुजानं ते टेबलावर फोन ठेवून ऐकवलं. चांगलं केलंय, हे कबूल केलं पाहिजे. मधे बासरी आहे. तिनं पडद्यावर बोट ठेवून मला वाचायला लावलं. गायिका, वादक, ध्वनिमुद्रण, सगळ्यांची नावं. संगीत: पारंपरिक.

“झालं समाधान?” तिनं विचारलं.

मी ती ओळ पुन्हा वाचली.

“बाबा, तुम्ही त्या दिवशी व्हिडिओ पूर्ण बघितला असता ना, तर कळलं असतं. पंचाण्णवचं गाणं ओरिजिनल नाहीये. ते कव्हर आहे. म्हणजे आधीच्या कुणाचं तरी गाणं दुसऱ्यानं परत म्हटलेलं. ओरिजिनल सत्त्याऐंशीचं आहे, कसब्यात एका खोलीत भिंतींना गाद्या लावून रेकॉर्ड केलेलं. त्यांच्या बायकोनं म्हटलंय. राधा सरवदे. कॅसेट फक्त त्यांच्याच लोकांच्या वस्त्यांमधून खपली. मग कंपनीनं उचललं, भारी आवाज घेतला आणि तेच सगळ्यांना पहिलं वाटलं. तुम्हालाही.”

सावलीवरून माणसाचं वय काढलं होतं मी.

मग तिला चिंचदऱ्याचं सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग बंद केल्याचंही. रुपाली ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती, तिची पाठ आमच्याकडे होती. मुलगी बापाकडे जसं बघू नये तसं तनुजा बघत राहिली.

“मग आता?” म्हणाली.

आज भजनाला गेलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ताप नसताना.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

व्हिडिओखाली लिहिलं. माझी चूक झाली, चाल श्री. रतन सरवदे यांचीच आहे, आमच्या बुवांनी ती त्यांच्या गाण्यावरून घेतली, चोरी हा शब्द मी मागे घेतो. संध्याकाळपर्यंत कुणी फारसं वाचलेलं दिसलं नाही. पहिलं लिहिलेलं मात्र अजून फिरतंय. कालच कुणीतरी मलाच पाठवलं.

केळकरांचा फोन आला. “काढून टाका ते. नव्यात पारंपरिक लिहिलंय ना? मग मिटलं. आता स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यायची हौस का?”

“पण ते खरं आहे.”

“खरं असेल हो. गरज आहे का, ते विचारतोय.”

शौनकला सगळं सांगितलं. मग म्हणाला, “सांगतो कंपनीला. बघू म्हणतील. बघू म्हणजे नाही, सर.” तो मला सर म्हणायचा थांबला असता तर बरं वाटलं असतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज त्यांचा सत्कार व्हायचा होता. मी दोन बस बदलून विश्रांतवाडीला गेलो. पत्ता शौनकनं दिला, येतो मात्र म्हणाला नाही.

दुसऱ्या मजल्यावर स्वच्छ घर. समोर बुद्धांची मूर्ती, पुढे ताजी फुलं. रतन सरवदेंनी दार उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी मला ओळखलं, कारण केळकरांच्या त्या व्हिडिओत माझा चेहरा आहे. दारातून बाजूला झाले. “या,” म्हणाले. फक्त एवढंच.

बस प्रवासात मी वाक्यं जुळवली होती. एकही आलं नाही. म्हणालो, “मी क्षमा मागायला आलोय.”

“मागा,” ते म्हणाले.

मी मागितली. चिंचदरे, ओढा, लग्नातला कर्णा, सोनबातात्या, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. राधाबाई आतून येऊन उभ्या राहिल्या. मी संपवल्यावर सरवदे म्हणाले, “कारखान्यात संध्याकाळी गेटवर जेवणाचा डबा उघडून दाखवायला लागायचा. पुढच्याचा नुसता हातानं ढकलायचे, माझा उघडायचे. नोकरी संपेपर्यंत त्यात कधी जास्तीचा खिळा निघाला नाही. आणि तुमचा शब्द आमच्या निकितानं वाचून दाखवला. नात. अकरावीला आहे. तिला वाटलं, आजोबांबद्दल काहीतरी चांगलं आलंय.”

मी खाली बघत होतो. फरशीला चौकोनी नक्षी होती.

“चहा चालेल ना?” राधाबाईंनी विचारलं.

“चालेल की,” मी म्हणालो. ‘ना’ त्यांनी कशासाठी लावला, ते मला परतीच्या बसमध्ये कळलं.

चहा पिताना मला एक सुचलं आणि मी ते मोठ्या आशेनं बोललो. भजनाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं. बुवांनी तिथं ‘हिंदुराव म्हणे’ घातलंय. मी ते बदलून ‘रतन म्हणे’ करीन, म्हणजे भजन गायलं जाईल तोवर नाव राहील.

सरवदे पहिल्यांदाच जरा हसले. “जगदाळे, मी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. मला न विचारता चोर केलंत, आता न विचारता भक्त करताय?”

“पायापाशी नको आम्हाला जागा,” राधाबाई म्हणाल्या. “छत्रीखालीच बरंय.”

मग त्याच म्हणाल्या, “म्हणा बघू तुमचं ते. आम्ही फोनवरच ऐकलंय. तेही शिव्या वाचता वाचता.”

मला नाही म्हणता येईना. पेटी नाही, टाळ नाही, समोर दोघं आणि मागे बुद्धांची मूर्ती. आवाज दोनदा फाटला. सरवदे गुडघ्यावर बोट चालवत होते. दुसऱ्या ओळीशी बोट थांबलं.

“परत म्हणा ती.”

म्हटली.

“‘जागा’वर दोघांचाही सूर वर जातो, पण पुढं इथं तुमच्या बुवांनी तो खाली आणलाय. माझा वरच राहतो. छत्रीखाली जागा मागणारा पोरगा पोरीच्या तोंडाकडं बघणार, वर. पायापाशी मागणारा खाली बघणार. बरोबर केलंय. कान होता माणसाला.”

मी म्हणालो, “बुवा ओढ्याच्या अलीकडे बसून ऐकायचे. पलीकडे कधी गेले नाहीत.”

“नाहीच जाणार,” राधाबाई कपबश्या उचलत म्हणाल्या. “माझ्या माहेरीही देवळाच्या पायरीखालीच उभं राहायचं आम्ही. मी गायलेली चाल आत जाऊन बसली म्हणायची, माझ्याआधी.”

त्यांना राग आला होता की गंमत वाटली होती, मला समजलं नाही. मी निघताना विचारलं, “मग मी ते भजन म्हणणं बंद करू का?”

“म्हणा की,” सरवदे म्हणाले. “तुमचं तोंड धरायला आलोय का आम्ही? पण आधी सांगायचं. चाल कुणाची. उभं राहून, माईकवर.”

दार लावताना त्यांनी मला क्षमा केली असं म्हटलं नाही. जिना उतरताना मी त्याची वाट बघत होतो, हे लक्षात आलं आणि आणखी लाज वाटली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

शौनकला कंपनीचं उत्तर आलं. बघू.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी रुपालीला विचारलं, “तू येशील ना संध्याकाळी?” ती म्हणाली, “येईन. पण तुमच्यासाठी नाही हं. मला बघायचंय.”

मंदिरात नेहमीपेक्षा गर्दी होती. दोन भजनं झाल्यावर केळकरांनी मान हलवली, म्हणजे आता ते. मी पेटीचा भाता सोडला आणि उभा राहिलो. आमच्यात भजनाच्या मधे कुणी उभं राहत नाही, त्यामुळे टाळ आपोआप थांबले.

मी म्हणालो, “हे भजन आम्ही ज्या चालीवर म्हणतो ती चाल श्री. रतन सरवदे, विश्रांतवाडी, यांनी बांधलेली आहे. ती पहिल्यांदा सौ. राधा सरवदे यांनी गायली. आमच्या गावच्या बुवांनी ती ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या लग्नात ऐकली आणि कुणाला सांगितलं नाही. मीही या महिन्यात ते कळल्यावर सांगितलं नाही. मी त्यांना चोर म्हणालो होतो.”

माईकमधून आवाज बाहेर पार्किंगपर्यंत गेला असणार.

केळकर म्हणाले, “जगदाळे, हे देऊळ आहे. पत्रकार परिषद घ्यायची तर क्लब हाऊस आहे.” दोघं हसले. मी खाली बसलो आणि पहिली ओळ म्हटली. भजनात एकानं ओळ म्हणायची आणि मागच्यांनी ती झेलायची. मी ‘जागा’वर थांबलो, वाट बघितली. केळकर उठले, उपरणं नीट केलं आणि दत्ताला नमस्कार करून बाहेर गेले. त्यांच्यामागे आणखी तिघं. बाकीचे बसून राहिले. टाळ मांडीवर, नजर मूर्तीकडे. कुणीच झेलली नाही. बायकांच्या बाजूला रुपाली होती. तीही गप्प होती.

मी दुसरी ओळ म्हटली, मग पुन्हा पहिली. दोन्हीकडच्या ओळी मीच म्हणत शेवटपर्यंत गेलो. एकट्यानं म्हटलं की ते भजन फार लहान आहे. चार मिनिटांत संपतं.

घरी आल्यावर सरवदेंना फोन केला. उचलतील असं वाटलं नव्हतं. झालं ते सांगितलं.

“किती उठले?” त्यांनी विचारलं.

“केळकर आणि तिघं.”

“बाकीचे?”

“बसून होते. पण कुणी झेललं नाही. काही बोललंही नाही.”

“मग पुढच्या गुरुवारी परत सांगा.”

“तेच? पुन्हा?”

“तेच. उठून गेले त्यांनी ऐकलं. बसले होते, त्यांना अजून सांगायचंय.”

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ विचार केला. याचा अर्थ मला पूर्ण लागलेला नाही. रुपालीला विचारलं, तर ती म्हणाली, “मीही बसलेच होते ना,” आणि दिवा लावायला देवघरात गेली.